दाराचं माप

मेहकरला कचेऱ्यांच्या रांगेसमोर, लिंबाखाली, पंचवीसेक वर्षं माझं टेबल होतं. मी अर्ज लिहून देत असे. आधी हातानं, मग टाइपरायटरवर, शेवटी शेवटी लॅपटॉप आणि छोट्या प्रिंटरवर. वारसाची नोंद, नावातली चूक, शेताकडं जाणारी पांदण मोकळी करून मिळावी म्हणून विनंती. या कामात एक गोष्ट कळली होती. माणूस समोर बसल्याबरोबर जे सांगतो, ते बहुतेक त्याचं खरं काम नसतं. पांदणीचा अर्ज लिहा म्हणणाऱ्याला कधी कधी पांदण नकोच असते. भावाशी बोलणं तुटलेलं असतं आणि ते कुठं सांगावं हे त्याला सुचत नसतं. त्याला थोडं बोलू द्यावं लागतं, एखाद-दोन कागद वाया जातात, मग अर्ज उतरतो. हे मला दुसऱ्यांच्या बाबतीत चांगलं समजत होतं.

माझे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले. घरात कुबड्या, बाहेर तीनचाकी सायकल. सायकल कुठल्याशा शिबिरात मिळालेली, हातानं पायडल फिरवायची. आमचं घर चढावर, कचेऱ्या खाली. सायकलीला ब्रेक होता, पण तो एकाच चाकाला आणि तोही धरला तर धरला. त्यामुळं सकाळी उताराला बायको मागची दांडी धरून, टाचा रोवत चालायची. तीच माझा ब्रेक. संध्याकाळी चढाला तीच ढकलायची. मधल्या वेळात ती घरी शिलाई करायची. लग्न झाल्यापासून असंच चालू होतं, आणि यात काही बदल होऊ शकतो असं आम्हा दोघांच्याही मनात कधी आलं नव्हतं.

एका वर्षी दिवाळीआधी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाची चार मुलं त्यांच्या सरांसोबत आली. तीन मुलगे, एक मुलगी. कॉलेज बाहेरगावचं होतं, नाव सांगत नाही. अपंगांसाठी नवीन सायकल बनवायची हा त्यांचा प्रकल्प होता. सरांनी मला नमस्कार केला आणि मुलांना म्हणाले, "हे आपले युजर. यांच्या गरजा समजून घ्या." मग एका मुलानं छापील फॉर्म काढला. चाळीसेक प्रश्न होते.

"सायकलीला जीपीएस असावं असं तुम्हाला वाटतं का?"

"वाटते ना."

"मोबाईल चार्जिंगची सोय?"

"हो, पायजेच."

"संकटाच्या वेळी दाबायला बटण? वर सोलर छत?"

मी सगळ्याला हो म्हणालो. मुलं उन्हातून आलेली, घामेजलेली. नाही म्हणून त्यांचं तोंड कशाला पाडायचं? शिवाय इतक्या वर्षांत मला काय हवं असं विचारायला पहिल्यांदाच कुणी आलं होतं, आणि विचारणाऱ्याला आवडेल तेच आपण बोलतो. अर्ध्या तासात फॉर्म भरला. सर खूश झाले. मुलगी तेवढी गप्प होती. ती वहीत लिहीत होती आणि मधूनच माझ्या टेबलाखाली बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. तिचं गाव हिवरा आश्रमाच्या पलीकडं, सुट्टीत घरी आलेली, बसनं मेहकर गाठलं होतं. "मी नुसती बसले तर चालेल का काका?" म्हणाली. बोलणं एकदम पुस्तकी. मी म्हणालो, "बस ना. पण घरी बोलते तशी बोल."

ती हसली. "कॉलेजात हसतात वो. म्हून सवय लावून घेतली."

ती त्या दिवशी बसली, पुढच्या दिवशी बसली आणि तिसऱ्याही दिवशी आली. काही विचारत नव्हती. येणाऱ्यांना सरकून जागा द्यायची, कुणाचा कागद उडाला तर उचलायची. तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर म्हणाली, "काका, एक विचारू? राग तं नाही येणार?"

"विचार."

"तीन दिवस झाले, मी पाहून राह्यली. तुमची बाटली सकाळी भरलेली रायते अन् संध्याकाळी बी भरलेलीच. तुमी पाणी काऊन पेत नाही?"

"तहान नाही लागत."

"ऊन पाहा ना काका केवढं हाय."

मी समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याला हाक मारली आणि त्याचा अर्ज लिहायला घेतला. त्याला घाई नव्हती, मलाच होती. एरवी दहा मिनिटांत होणारा अर्ज मी अर्धा तास लिहिला. ती बसूनच राहिली. चारच्या सुमारास जवळ कुणी नव्हतं, तेव्हा मी तिला सांगितलं.

पाणी प्यायलं की उतरावं लागतं. समोरच्या आवारातल्या मुतारीला दोन पायऱ्या. शेजारच्या हॉटेलच्या मागं एक संडास होता, तो जमिनीलगत होता, आत कमोड होता आणि हॉटेलवाला भला माणूस होता, पण दार अरुंद. सायकल आत जात नसे. बाहेर उतरून कुबड्यांवर जायचं तर फरशी कायम ओली. एकदा पडलो होतो. कपडे ओले, कुबडी एकीकडं. दोघा अनोळखी माणसांनी उचलून सायकलवर बसवलं आणि त्यातल्या एकानं रुमालानं माझी पँट पुसली. त्या दिवसापासून सकाळी घरून निघताना उरकायचं ते घरी परत जाईपर्यंत काही नाही. चहासुद्धा नाही. बायको रोज बाटली भरून द्यायची, संध्याकाळी तिची पाठ वळली की मी रोज बाटली दारातल्या जास्वंदीला ओतायचो. मुतखड्यानं दोनदा दवाखान्यात राहिलो, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा भरपूर पितो म्हणून सांगितलं. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं.

मुलीनं वही मिटली होती. तिनं यातलं एक अक्षर लिहिलं नाही. ती म्हणाली, "म्हंजे काका, चालन्याचा प्रश्न नाही. उतरन्याचा हाय."

मी पंचवीस वर्षं लोकांच्या मनातलं काढत आलो होतो. माझ्या स्वतःच्या प्रश्नाला असं एका वाक्यात मी कधी धरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिनं बाकीच्या तिघांना आणलं आणि आम्ही सगळे गावाबाहेरच्या रस्त्यावर एका वेल्डिंगवाल्याकडं गेलो. मिस्त्री माझ्याच वयाचा. ट्रॉल्या, वखर, लोखंडी दारं असलं काम करायचा. जुन्या सायकलवर मला नीट बसवून त्यानं सगळं बघितलं. मग मुलीनं एक गोष्ट केली. स्वतःचे दोन्ही पाय ओढणीनं घट्ट बांधले आणि पोरांना म्हणाली, मले उचलून सायकलवर बसवा. बसली आणि तिथून शेजारच्या स्टुलावर जायचा प्रयत्न करू लागली. पायडलची दांडी आडवी येत होती. पोरं हसत होती. ती एकदा घसरली, दुसऱ्यांदा स्टूलच कलंडलं आणि तिचा कोपर फरशीवर आपटला. मग पोरं हसायची थांबली. त्यातल्या एकानं स्वतःचे पाय बांधून घेतले.

सायकलवरची बैठक बाजूला सरकली पाहिजे, असं तिथंच ठरलं. बैठक सरकत सरकत बाकाला, खाटेला, संडासाच्या भांड्याला लागावी आणि माणसानं नुसतं ढुंगण सरकवून पलीकडं जावं. भंगारातल्या मोटारींच्या सीटखाली पट्ट्या असतात, त्यांच्यावर सीट पुढंमागं सरकते. मिस्त्री म्हणाला, त्याच आडव्या लावू. पोरं लगेच कागदावर आकृती काढायला लागली. मिस्त्रीनं बिडी पेटवली आणि विचारलं, "दार किती हाय?"

"कुठलं दार?" एकानं विचारलं.

"ज्यातून न्यायची हाय ते. दाराचं माप घेतलं का कोणी?"

कुणी घेतलं नव्हतं. चाळीस प्रश्नांत तो प्रश्न नव्हता. मिस्त्रीनं त्यांना सुतळीचा गुंडा दिला. दुसऱ्या दिवशी चौघं गावभर फिरली. माझ्या घराचं दार, न्हाणीचं, बँकेचं, सरकारी दवाखान्याचं, हॉटेलमागचं. एकाच सुतळीवर सगळ्या दारांच्या गाठी मारून आणल्या. सगळ्यात जवळची, म्हणजे सगळ्यात अरुंद दाराची गाठ हॉटेलमागच्या संडासाची. तिच्यापेक्षा दोन बोटं कमी इतकीच सायकल रुंद ठेवायची, हे मग ठरूनच गेलं.

पण अरुंद सायकल वळणावर कलंडते. पहिली जी बनवली ती वर्कशॉपच्या दारातच उलटली. सुदैवानं तिच्यावर मी नव्हतो, सिमेंटचं पोतं होतं. मिस्त्री म्हणाला, "खाली जड, वर हलकं पायजे. बैलगाडीत पोते कसे भरते, तसं." त्यानं चाकांच्या मधोमध तळाशी लोखंडाचा ठोकळा जोडला आणि वरचं जेवढं काढता येईल तेवढं काढलं. पाठ टेकायला नुसती नवारीची पट्टी ठेवली.

ब्रेक मुलीनं शोधला. माझे दोन्ही हात पायडलात गुंतलेले, मग ब्रेक धरायचा कोणत्या हातानं? तिनं उलटं केलं. ब्रेक कायम लागलेलाच राहील, पायडलची मूठ आवळून धरली तरच सुटेल. हात सोडला की गाडी उभी. यासाठी ती किती वेळा आली आणि स्प्रिंग किती वेळा बदलली याचा हिशेब नाही. कॉलेजातून आली की बसस्टँडवरून थेट वर्कशॉपला यायची. मिस्त्री तिला 'इंजिनेर बाई' म्हणायचा. आधी चेष्टेनं म्हणायचा, नंतर तसं राहिलं नाही.

संक्रांत झाल्यावर सायकल झाली. रंग नव्हता, वेल्डिंगचे डाग तसेच. पहिल्या दिवशी सकाळी मी उताराला लागलो. बायको सोबत चालत होती. मागं धरायला दांडीच नव्हती. तिचे हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं हे तिला समजत नव्हतं. कधी पदर धरायची, कधी माझ्या खांद्याशी नेऊन परत घ्यायची. उताराच्या मध्यावर मी मुद्दाम हात सोडले. सायकल जागच्या जागी उभी राहिली. बायको म्हणाली, "अगं माय!" आणि रस्त्यातच हसायला लागली.

अकरा वाजता मी बाटलीतलं अर्धं पाणी प्यायलो. साडेबाराला हॉटेलमागं गेलो. सायकल दारातून आत गेली, बैठक सरकली, मी सरकलो. परत आलो. टेबलापाशी एक माणूस वाट बघत होता. त्यानं विचारलं, "काय झालं भाऊ?" मी म्हणालो, "काई नाही. सांगा." आणि बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते असं मी म्हणेन. लोक चहा पाजायचे आणि मी प्यायचो. एकदा नुसताच नदीकडं जाऊन आलो, काही काम नसताना. बायकोला मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मशीनचं चाक हातात धरून. मग एवढंच म्हणाली, "अन् मी रोज बाटली घासून भरून देत होती."

मार्चमध्ये सर वर्कशॉपला आले. मोठ्या शहरात राज्यपातळीची स्पर्धा होती, सायकल तिथं न्यायची होती. त्यांनी भोवती फिरून बघितलं. माणूस वाईट नव्हता. मुलांसाठी धावपळ करायचा, स्वतःच्या गाडीतून सामान आणायचा. पण त्यांचा चेहरा उतरला.

"यात नवीन काय आहे?" त्यांनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "सर, बैठक सरकते. दारातून जाते. ब्रेक..."

"ते मला दिसतंय. परीक्षकांना काय दिसणार? त्यांच्याकडं पाच मिनिटं असतात. जुन्या लोखंडाची सायकल दिसेल. पोस्टरवर काय लिहिणार आहात?"

"हेच लिहू ना सर. यांना दिवसभर पाणी पिता येत नव्हतं, लघवीला जाता येत नव्हतं. आता येतं."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हे पोस्टरवर लिहायचं? यांच्या फोटोखाली?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मुलगी सगळ्यात जास्त. मी हो म्हणावं, एवढंच तिला पाहिजे होतं. मला वर्तमानपत्र डोळ्यांसमोर आलं, त्यातला माझा फोटो आणि खाली ते वाक्य. कचेरीतले शिपाई, कारकून, माझे पक्षकार, सगळे ते वाचणार.

मी म्हणालो, "नका लिहू बाप्पा तसं."

तिनं मान खाली घातली आणि स्प्रिंगशी काहीतरी करत बसली. आणि ते लिहायचं नाही म्हटल्यावर त्या सायकलीत दाखवण्यासारखं खरोखरच काही उरलं नाही. दार लिहिलं तर कुठलं दार ते लिहावं लागतं. मग तो पहिला फॉर्म निघाला. सर म्हणाले, "युजरनं स्वतः सांगितलंय, सोलर छत पाहिजे. संकटाचं बटण पाहिजे." खाली माझी सही होती.

सायकल आठ दिवसांसाठी म्हणून गेली. जाण्याआधी मिस्त्रीकडून छताचे चार खांब लावून घेतले. तो म्हणाला, "सर, खाली जड वर हलकं असं केलं होतं आमी. आता उलटं होऊन राह्यलं." सर म्हणाले, स्पर्धेपुरतंच आहे. वर सोलरची काच बसली, समोर छोटा पडदा, उजवीकडं लाल बटण, आणि नेण्याआधी मला वर बसवून फोटो काढला. बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला. मी छताखाली बसलोय, बोट लाल बटणावर.

आठ दिवसांची सायकल दीड महिन्यानं परत आली, छतासकट. सरांनी फोनवर सांगितलं, "कॉलेजला तपासणी समिती येणार आहे. तोपर्यंत आहे तशीच वापरा. कशालाही हात लावू नका, प्लीज."

परीक्षेच्या गडबडीतही मुलीचा फोन आला. "काका, ते छत आजच कापून टाका. मिस्त्रीकाकाले सांगा. मी सांगतलं म्हून सांगा."

"तुले त्रास नाही होणार? मार्क तं सराच्याच हातात हायेत."

ती थोडी थांबली. ते थांबणं मला ऐकू आलं. "होऊ द्या. तुमी कापा."

"बरं. सरासोबत बोलतो," मी म्हणालो.

बोललो नाही. तिचे मार्क हे एक कारण होतं. पण खरं सांगायचं तर मोठ्या माणसासमोर स्वतःसाठी तोंड उघडायची मला सवयच नव्हती. दुसऱ्यासाठी मी जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत लिहायचो, कडक भाषेत. रोज सकाळी खालच्या वळणावर डावं चाक किंचित उचललं जायचं, मी अंग डावीकडं टाकून ते दाबायचो. वाटलं, सवय होईल. दोन आठवडे झाले असतील. एके दिवशी वळणावर समोरून म्हैस आली, मी हात सोडले, सायकल थांबली. ब्रेकनं आपलं काम चोख केलं. पण वरचं वजन थांबलं नाही. छत, काच, खांब, मी, सगळं उजवीकडं गेलं. मी उजवा हात टेकला.

मनगटाची दोन हाडं मोडली. आत धातूची पट्टी घातली, स्क्रू घातले. ज्याचे पाय चालतात त्याला तीन महिन्यांचा त्रास. माझे हातच पाय होते. हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळलं नाही. पायडल फिरवायला लागलो की कोपरापर्यंत कळ जायची. कुबडीवर भार देता येईना. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकं पुरे समजा.

मुलगी वडिलांना घेऊन भेटायला आली. शेतकरी माणूस, दारात चप्पल काढून भिंतीशी बसला. ती म्हणाली, "काका, मी तवाच सायकल न्यायला नाई म्हनायले पायजे होतं."

मी म्हणालो, "मीच म्हटलं होतं ना, नका लिहू म्हून."

बायकोनं चहा केला. निघताना मुलीनं माझ्या प्लास्टरवरून हात फिरवला, लहान पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. निकाल लागला आणि ती पुण्याला नोकरीला लागली.

सायकल दुरुस्तीला म्हणून कॉलेजनं नेली. पावसाळा संपल्यावर समिती आली, त्या दिवशी मला न्यायला जीप पाठवली. कॉलेजच्या दारातून आत गेल्यावरच्या हॉलमध्ये सायकल ठेवली होती. निळा रंग दिला होता, भोवती लाल दोरी. मला दोघांनी उचलून तिच्यावर बसवलं. बैठक सरकवून बघितली तर सरकली नाही. रंग पट्टीत जाऊन बसला होता. समितीतल्या एका बाईंनी वाकून विचारलं, "कसं वाटतं तुम्हाला?"

मागं सर उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"चांगलं वाटते," मी म्हणालो.

महिनाभरानं मी सायकल परत मिळावी म्हणून अर्ज केला. स्वतःसाठी लिहिलेला तो पहिलाच. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप केला, दोनदा सुधारला. उत्तर व्यवस्थित आलं. सदर वस्तू महाविद्यालयाची मालमत्ता असून पुढील तुकडी त्यावर काम करणार आहे. पुढच्या तुकडीनं प्रकल्पाला फवारणीचा ड्रोन घेतला, असं नंतर कळलं.

मिस्त्री एकदा घरी आला. म्हणाला, भाऊ, दुसरी बनवतो. लोखंड माझ्याकडं पडून हाय. त्यानं बैठक बनवली, ती सरकायची. ब्रेक मात्र जमेना. दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाला, ते बाईच्या डोक्यात होतं, कागदावर कुठीच नव्हतं. आणि ब्रेक जमला असता तरी पायडल मारायला मनगट कुठून आणायचं? अर्धी झालेली सायकल त्याच्या वर्कशॉपच्या मागं कितीतरी दिवस उभी होती. मग त्याच्या मुलाच्या लग्नाच्या वेळी आवार साफ केलं तेव्हा भंगारात गेली. त्यानं मला विचारून दिली, हे सांगायला पाहिजे.

पुढं एका शिबिरात बॅटरीवर चालणारी तीनचाकी मिळाली. चांगली आहे. चढ सरसर चढते, पायडल मारावं लागत नाही, समोर दिवा आहे, मोबाईल चार्जिंगची सोयसुद्धा आहे. फक्त रुंद आहे. हॉटेलमागच्या दारातून जात नाही आणि माझ्या घराच्या दारातूनही जात नाही. ती बाहेर ताडपत्रीखाली उभी असते, आणि घरापासून तिच्यापर्यंत मला बायको नेते. उजवी कुबडी गेल्यापासून माझा सगळा भार तिच्या खांद्यावर येतो. मागच्या वर्षी तो खांदा धरला. आता तिचा हात डोक्याच्या वर जात नाही, मशीनवर बसली की अर्ध्या तासात उठते. घरातही उठायला तिचाच खांदा लागतो, म्हणून मी पुन्हा पाणी बंद केलं. फरक इतकाच की आता ते तिलाही माहीत आहे, आणि ती बाटली देत नाही.

मुलीचा फोन अधूनमधून येतो. पुण्यात एका कंपनीत ती मोबाईलवरचं काहीतरी बनवणाऱ्या चमूत आहे. लोक घरबसल्या सामान मागवतात, ते. दर आठवड्याला त्यांची बैठक होते, कोणतं बटण कुठं ठेवायचं याच्यावर तास तास चर्चा होते. ती सांगत होती, "काका, मी दर खेपेले विचारते, कोनाजवळ जाऊन बसले होते का तुमी? ते म्हंतात, एवढ्या लोकाइनं फॉर्म भरले ना, मंग अजून काय पायजे?"

"मंग तू काय म्हंते?"

"पयले भांडत होती. आता नाई भांडत."

तिच्या मागं गाड्यांचे आवाज येत होते. ती कामावरून घरी चालली असावी. मग तिनं विचारलं, "मनगट कसं हाय?" मी म्हणालो, हाय तसंच. सायकलचं तिनं विचारलं नाही, मीही काढलं नाही. तिच्या वडिलांच्या गुडघ्यांबद्दल थोडं बोललो. बस आली म्हणून तिनं फोन ठेवला.

टेबल मी गेल्या पावसाळ्यात सोडलं. अर्ज आता बहुतेक ऑनलाइन भरतात. लिंबाखाली एका कॉम्प्युटरवाल्यानं गाडा लावला आहे. कधी कुणी जुना पक्षकार घरी येतो, तेव्हा मी समोरच्या खोलीत खाटेवर बसून त्याचं ऐकतो. पण लोकांना आता घाई असते. ते आल्या आल्या सांगतात, काय लिहायचं ते, आणि मी तेवढंच लिहून देतो.